व्याह्यांचं दुसरं जेवण

जेवण आटोपून उठली तेव्हा ओकबुनला इतकी भूक लागली होती, की हॉटेलच्या पायऱ्या उतरताना तिने कठडा धरला.

अडीच तास चाललं होतं ते. सोंगबुकच्या टेकडीवरचं जुन्या थाटाचं हॉटेल तिच्या मुलाने, थेसॉकने, ठरवलेलं. लग्नाआधी दोन्ही घरांनी समोरासमोर बसून जेवायचं, तो हा दिवस. समोर होणारे व्याही, म्हणजे होणाऱ्या सुनेचे, सोलहीचे, वडील कुक चांगरे पाठ ताठ करून बसले होते, शेजारी त्यांची बायको म्यंगजा ओठ मिटून. एकामागून एक पदार्थ येत होते, प्रत्येक बशीत दोन घास. ते लोक हात लावत नव्हते म्हणून ओकबुन लावत नव्हती, आणि ती लावत नव्हती म्हणून ते. लग्न कुठे करायचं? ‘तुम्ही म्हणाल तिथे.’ आहेरांचं काय? ‘तुमची इच्छा असेल तसं.’ बशा आल्या तशा परत गेल्या आणि ठरलं काहीच नाही.

मध्येच म्यंगजाबाईंनी विचारलं होतं, “आपण काय करता?” ओकबुनने तोंड उघडायच्या आत थेसॉक म्हणाला, “आई वाहतूक व्यवसायात आहे.”

ती नुसती हसली. डावा हात मात्र तिने टेबलाखाली घेतला. डावीकडच्या ड्रायव्हरच्या खिडकीतून येणाऱ्या उन्हाने तो हात उजव्यापेक्षा दोन छटा काळा झाला होता. सव्वीस वर्षं सोलच्या रस्त्यांवर टॅक्सी चालवली की होतोच तसा.

मुलाचा राग येत नव्हता, हेच तर दुखत होतं. नवरा यकृताच्या आजाराने गेला तेव्हा थेसॉक दहा वर्षांचा होता आणि ती सदतीसची. शेजारणी म्हणाल्या, भाजीचा गाळा टाक. तिने टॅक्सीचा परवाना काढला. पहिल्या वर्षी गिऱ्हाइकं दार उघडायची, बाई पाहून पुन्हा लावायची. एका म्हाताऱ्याने पूर्ण रस्ताभर मागच्या सीटचा दांडा घट्ट धरून ठेवला होता. पण एकही अपघात न करता वर्षं काढली, कंपनीची गाडी सोडून स्वतःची घेतली, मुलाला शिकवलं. शाळेच्या फाटकाशी गाडी उभी केली की लहानपणी तो मित्रांना ओरडून दाखवायचा, “ती बघा, माझ्या आईची!” कधी बंद झालं ते ओरडणं, तिला आठवेना.

मुलं नवं घर बघायला गेली. व्याह्यांना स्टेशनवर सोडायला थेसॉक निघाला होता, पण “नको नको, आम्ही टॅक्सीने जाऊ,” असं म्हणून तेही नमस्कार करून निघून गेले. सगळे दिसेनासे झाल्यावर ओकबुन उंच टाचांच्या बुटांत लंगडत टेकडी उतरली. दोन गल्ल्या खाली, कोणाला दिसणार नाही अशी तिने गाडी लावली होती. पुढे कुठे जायचं, हा विचार करावा लागला नाही. जिथे ती रोज जेवायची तिथेच.

टेकडीच्या पायथ्याशी ड्रायव्हर लोकांची खानावळ आहे. बाहेर टॅक्सींची रांग, आत पोलादी टेबलं, आणि स्वयंपाकघरातून दिवसभर मांस कुटल्याचा धपधप आवाज. तिथे तोनकास मिळतो. डुकराच्या मांसाचा कटलेट, कुटून कुटून एवढा पातळ आणि रुंद केलेला, की ताटाच्या कडेवरून खाली लोंबतो. वर तपकिरी सॉस बदाबदा ओतलेला, बाजूला भाताची मूद, कोबी, आंबवलेल्या मुळ्याच्या फोडी आणि एक अख्खी हिरवी मिरची. नवीन होती तेव्हा ओकबुन इथे पहिल्यांदा आली, तर चाळीस पुरुषांनी एकदम माना वर केल्या होत्या. मालकीणबाई कढईमागून ओरडल्या होत्या, “काय बघताय? बाईला भूक लागत नाही वाटतं?”

आज त्याच मालकीणबाईंनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. “काय गं, लग्न तुझंच आहे का?”

“आधी जेवायला द्या. मग चिडवा.”

तिने जांभळ्या सुटाचा कोट खुर्चीला टांगला, बूट काढले, रुमाल गळ्याशी खोचला. वाडग्यातलं पांढरं सूप मिरपूड घालून दोन घोटांत संपवलं. मग सुरीने मोठ्ठा तुकडा कापून तोंडात कोंबला. वरचं आवरण कुरकुरीत, सॉस लागला तिथे मऊ. पोटातले कावळे गप्प झाले. तिने डोळे मिटले.

तेवढ्यात दार उघडलं आणि जोंगदलचा भसाडा आवाज आला. तो पंधरा वर्षांपासूनचा तिचा टॅक्सीवाला दोस्त.

“या, या, आत या! आम्ही जेवतो तिथे न्या म्हणालात ना? हेच ते! अरेच्चा, ओकबुनताई? एवढी नटूनथटून?”

ओकबुनने डोळे उघडले. जोंगदलच्या मागे कुक चांगरे उभे होते, आणि त्यांच्या मागे म्यंगजाबाई.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. आणि जोंगदलला कसलाच पत्ता नाही! “ही आमची ओकबुनताई,” तो अभिमानाने सांगत सुटला. “सव्वीस वर्षं टॅक्सी चालवतेय. कोणाला एक ओरखडा नाही. आमच्यातले अर्धे गडी हिच्या हाताखाली रस्ते शिकलेत. आणि ताई, ही माझी गिऱ्हाइकं. कुठल्याशा भारी हॉटेलातून उपाशी उठलीत बिचारी!”

ओकबुन रुमालासकट उभी राहिली, अनवाणी, हनुवटीला सॉस लागलेला.

आधी म्यंगजाबाईंच्या खांद्यांना हिसका बसला. मग त्या तोंडावर हात धरून हसायला लागल्या, थांबेचनात. “विहीणबाई,” डोळे पुसत त्या म्हणाल्या, “म्हणजे तुम्हीसुद्धा?”

“मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं,” ओकबुन पुटपुटली. “बसा ना. आणि... ते वाहतूक व्यवसाय म्हणजे टॅक्सी. एकच. बाहेर उभी आहे.”

चांगरे खुर्चीत बसले, अगदी सावकाश. हॉटेलातला ताठपणा पाठीतून गळून पडला. “आमची सोलही काय म्हणाली होती माझ्याबद्दल? शिक्षणक्षेत्रात होतो, नाही का?”

“मुख्याध्यापक असाल, असं मला वाटलं.”

“शिपाई होतो. एकतीस वर्षं. शाळेचं फाटक उघडायचं, बॉयलर पेटवायचा, पोरांनी फोडलेल्या काचा बसवायच्या.” त्यांनी दोन्ही पंजे टेबलावर ठेवले. बोटांवर काचेचे जुने पांढरे वण होते. “आज अडीच तास हे लपवत होतो.”

ओकबुनने आपला काळा हात त्यांच्या शेजारी ठेवला. “आणि मी हा.”

“दोघंही गाढव आहेत,” म्यंगजाबाई म्हणाल्या. “तुमचा मुलगा आणि आमची मुलगी. चांगली जोडी जमलीय.”

जोंगदलला आत्ता कुठे उलगडा झाला. “म्हणजे हे तुझे व्याही? आणि मी तुझं पितळ उघडं पाडलं?”

“पाडलंस ते बरं केलंस. आता गप जेव.”

ओकबुनचा जीव भांड्यात पडला. किती महिन्यांनी, कोण जाणे. ताटं आली. म्यंगजाबाईंनी कटलेटचा आकार बघून “अगं बाई!” केलं आणि सगळा संपवला. चांगरेंनी मिरची कचकन चावली, ती तिखट निघाली, डोळ्यांतून पाणी आलं, तरी दुसरी मागितली. टेकडीवर अडीच तासांत जे ठरलं नव्हतं ते इथे भात संपायच्या आत ठरलं. आहेरबिहेर दोन्हीकडून काही नाही. लग्न सोलमध्ये, लहान हॉलमध्ये. व्याह्यांच्या गावाहून, चोनजूहून, पाहुण्यांसाठी एक बस.

“बस कोण चालवणार?” म्यंगजाबाईंनी विचारलं.

“माझ्याकडे बघू नका. नवऱ्यामुलाच्या आईला त्या दिवशी तरी बसू द्या की!”

मग चांगरेंनी मुलीला फोन लावला. “आम्ही तुझ्या सासूबाईंच्या खानावळीत जेवतोय... टॅक्सीवाल्यांच्या, हो... मी त्यांना बॉयलरबद्दल सगळं सांगितलं.” पलीकडून रडण्याचा आवाज आला, आणि मागून थेसॉकचा, “काय झालं? काय झालं?” ओकबुनने फोन हातात घेतला. “काही झालं नाही रे. तुम्ही घर नीट बघा. नळाला पाणी येतं का ते बघा आधी.”

व्याह्यांची गाडी पाचची होती. जोंगदल म्हणाला, “मी सोडतो की.” ओकबुनने त्याला हातानेच बसवलं. डिकीतले सपाट बूट आणि खास गिऱ्हाइकांसाठी ठेवलेले पांढरे हातमोजे काढून घातले, छतावरचा ‘टॅक्सी’चा दिवा बंद केला. चांगरे पुढे बसले आणि पहिल्या सिग्नलपासूनच इंजिनाबद्दल विचारायला लागले. गॅसवर थंडीत सुरू व्हायला त्रास देते का? महिन्यातून किती वेळा तेल? ओकबुन एकेका प्रश्नाचं सविस्तर उत्तर देत होती. आरशात बघितलं तर मागे म्यंगजाबाई मान टाकून, तोंड उघडं ठेवून गाढ झोपल्या होत्या. पुढे रस्ता खणलेला होता. ओकबुनने वेग कमी केला आणि तिथून गाडी अलगद काढली.