नको म्हणायला आलेली लुंबिनी

जळकोटच्या लुंबिनीला लातुरात दोन वसतिगृहांत जागा मिळाली होती. एक कॉलेजच्या आवारातलं, दुसरं समाजकल्याणचं. तिचं मन दुसऱ्यावर बसलं होतं. तिथं मावसबहीण होती, आणि भीमजयंतीला तिथल्या पोरी आख्खं वसतिगृह डोक्यावर घ्यायच्या. कॉलेजची खोली नको, एवढंच सांगायला ती आई सरजाबाईला घेऊन रेक्टरबाईंकडं आली.

बाईंनी आडनाव विचारलं. ते ऐकलं आणि लुंबिनीनं तोंड उघडायच्या आत त्या गोड हसल्या. "अगं, तुमच्यासाठी समाजकल्याणचं आहे की! तुमच्या पोरींत करमेल तुला."

लुंबिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मला शिकायचंय, मॅडम. करमायचं मी बघून घेईन. किल्ली द्या."

खोलीत जाऊन तिनं समाजकल्याणला न्यायला आणलेली पेटी खिडकीजवळच्या कॉटवर आदळली. सरजाबाई चक्रावली. "अगं माय, आपण तर नको म्हणायला आलतो न्हवं?"

"हाव. पण नको मी म्हणणार होते. त्या कोण मला नको म्हणणाऱ्या? आन् तिकडल्या मावशीच्या ताईला सांग, औंदा जयंतीला सगळ्या पोरी घेऊन इकडं ये. हितलं आवार लई मोठं हाय."