काहीच घडत नाही असा प्रसंग

रविवारी दुपारी माझी मुलगी मुक्ता लॅपटॉपवर एक जुना कृष्णधवल सिनेमा बघत होती. नायिका पत्र वाचून खिडकीशी जाऊन उभी राहिली, तसा मुक्ताने सिनेमा पुढे पळवला.

"अगं, थांब ना!"

"बाबा, ती नुसतीच उभी आहे. काहीच घडत नाहीये."

आजचे सिनेमे मलाही आवडतात. त्यांतली माणसं आपल्यासारखी बोलतात, बायका गप्प बसत नाहीत. पण प्रेक्षकाला क्षणभर एकटं सोडायला ते घाबरतात, असं मला वाटतं.

हाच सिनेमा मी कॉलेजात असताना आईबरोबर गावच्या थिएटरात पाहिला होता. वडील जाऊन चार महिने झाले होते आणि आई कुणासमोर रडली नव्हती. नायिका खिडकीशी उभी राहिली आणि शेजारी आई पदरात तोंड खुपसून हुंदके देऊ लागली. तिथल्या अंधारात तिची समजूत काढायला कुणी येणार नव्हतं.

हे मी मुक्ताला सांगितलं. तिने सिनेमा मागे नेला आणि आम्ही दोघांनी तो प्रसंग पूर्ण पाहिला.

"आजी रडत होती, तेव्हा तू काय केलंस?"

"पडद्याकडेच बघत राहिलो," मी म्हणालो. "तिला वाटावं, मला कळलंच नाही."