नेलिदाची पुढच्या रांगेतली खुर्ची

नेलिदा बेर्तोनी कुणालाच आवडत नसे, आणि तिलाही कुणी आवडत नसे. ब्वेनोस आयरेसच्या बोएदो भागातल्या एका दुकानात तिनं चाळीस वर्षं बायकांची अंतर्वस्त्रं शिवली. गिऱ्हाइकाची कंबर नजरेनंच मोजायची आणि आकडा चारचौघांत सांगायची. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती, मुलगी लांब कोर्दोब्याला, शेजाऱ्यांशी वाकडं. पण दर गुरुवारी दुपारी चारला नाचाचे बूट पिशवीत घालून ती क्लबातल्या मिलोंग्याला जायचीच. टँगो नाचणाऱ्यांची ती बैठक. आठवड्यात माणसाचा हात पाठीवर पडायचा तो तेवढाच. रक्तदाबाची गोळी ती विसरायची, गुरुवार कधी विसरली नाही.

तिथला रिवाज पक्का. बायका एका भिंतीला, पुरुष समोरच्या. पुरुषानं लांबूनच बघायचं आणि मान किंचित हलवायची. बाईला पसंत असेल तर तिनंही हलवायची, नाहीतर छताकडे बघायचं. टेबलाशी येऊन तोंडानं विचारणारा तो अडाणी. अशा तिघांना नेलिदानं सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं ‘नाही’ म्हणून हाकललं होतं.

आणि गेल्या हिवाळ्यात तिचे डोळे बिघडले. चष्म्यानं भागण्यासारखं नव्हतं. ज्याच्याकडे रोखून बघावं त्याच्याच तोंडावर करडा डाग. समोरच्या भिंतीला नुसते कोट बसलेले दिसत. तिनं हे कुणाला सांगितलं नाही. लोक कीव करायला टपलेले असतात आणि कीव म्हणून कुणी नाचवलेलं तिला चालणार नव्हतं.

सहा गुरुवार ती बसून राहिली. पुरुष मान हलवत, ही ढिम्म. “मिजास बघा म्हातारीची,” म्हणून त्यांनी बघणंच सोडलं. सातव्या गुरुवारी, माणसांना जागा नेमून देणारी बेबा तिच्यापाशी आली.

“हे बघ नेलिदा, पुढची खुर्ची नाचणाऱ्या बाईची असते. आज उठली नाहीस तर पुढच्या खेपेपासून मागे, स्वयंपाकघराच्या दाराशी.”

“तिथं मुडदे बसवतेस तू.”

“मग जिवंत असल्याचं दाखव की.”

दाराशी बसवलेल्या बायका कुणाला दिसत नसत, आणि दोन महिन्यांत यायच्या बंद होत. नेलिदाला धडकी भरली.

शेजारच्या खुर्चीत ओफेलिया सांगिनेत्ती खुदकन हसली. दोघींचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं. ओफेलिया नाचते तेव्हा फ्रिज ढकलल्यासारखं वाटतं, असं नेलिदा एकदा सर्वांदेखत म्हणाली होती.

चार गाण्यांची नवी फेरी लागली. समोर एक करडा कोट जरासा हलल्यासारखा वाटला. नेलिदानं मान हलवली आणि ती उठून उभी राहिली. कोट सरळ चालत आला, तिला वळसा घातला आणि ओफेलियाला घेऊन गेला. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. नेलिदा तशीच बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून उभी राहिली. तिला स्वतःचा भयंकर संताप आला होता.

चार गाणी संपताच ओफेलिया आत आली. अकरा वर्षांचं साचलेलं एकदम बाहेर पडलं.

“माझा माणूस पळवायला निघालीस? माझा भाऊ दर गुरुवारी तुला मान हलवून थकला, त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीस, आणि—”

“दिसत नाही मला.”

“काय?”

“तोंडं दिसत नाहीत. कुणाचीच. झालं समाधान?”

ओफेलियानं ओठांवर लाली फिरवली. पुसली. पुन्हा फिरवली.

“आणि तरी नाक वर करून बसतेस,” ती म्हणाली आणि निघून गेली.

आता ही सगळ्यांना सांगणार, हे नेलिदानं गृहीतच धरलं. पर्स उचलून घरी जायचं म्हणून ती खुर्चीशी आली. तेवढ्यात पुढची गाणी सुरू झाली.

“बस खाली,” ओफेलिया ओठ न हलवता पुटपुटली. “खांबाच्या डावीकडचा. बघतोय तुझ्याकडे. थांब. हां, हलव मान.”

ही पुन्हा हसं करणार, असं नेलिदाला वाटलं. तरी तिनं डागाकडे बघून मान हलवली. बूट वाजले, जवळ आले आणि तिच्यासमोर थांबले.

माणूस हॉलमधला सगळ्यात वाईट नाचणारा निघाला. चार गाण्यांत तीनदा पायावर पाय दिला. पण हात उबदार होता आणि श्वास शांत होता. तिसऱ्या गाण्याला नेलिदाचे खांदे खाली आले. बेबा लांबून बघत होती.

“याच्याहून भिकार मिळाला नाही का तुला?” परत येऊन बसताना नेलिदा म्हणाली.

“चांगले माझ्यासाठी ठेवलेत.”

नेलिदानं बुटाचा पट्टा घट्ट केला. समोर कोटांची रांग होती, तोंड एकालाही नव्हतं.

“आता कोण बघतंय?” तिनं विचारलं.

“कुणी नाही. गप बस,” ओफेलिया म्हणाली. “बघितलं की सांगते.”