क्लिंग म्हणजे काय

“तुमच्याच लोकांचं उदाहरण घे ना. दे क्लिंग टू रिझर्व्हेशन, आरक्षणाला चिकटून बसलेत. आता कळला अर्थ?”

इंग्रजीच्या सरांनी मला भर वर्गात ऐकवलं. अख्खा वर्ग हसला. रोज माझ्यासोबत डबा खाणारी सुनीतासुद्धा.

हिंगोलीचं कॉलेज, बारावीचा वर्ग. मी साखऱ्याहून एसटीनं येते. त्या वर्गात आमच्या बौद्धवाड्यातली मी एकटीच.

सरांनी फळ्यावर क्लिंग लिहून अर्थ विचारला होता. हात मीच वर केला. घट्ट धरून राहणं, मी म्हणाले. लेकरू मायला बिलगतं तसं. अर्थ बराबर होता. तेच सरांना खुपलं असंल.

“बस खाली.”

बसले न्हाई.

“सर, या शब्दाचे आणखी उपयोग हायेत. लिहिते.”

सर काही म्हणायच्या आत मी फळ्याजवळ गेले. भिजलेलं लुगडं अंगाला चिकटतं, त्याचं वाक्य इंग्रजीत लिहिलं. पावसात सोयाबीन निंदताना मायचं तसंच होतं. त्याच्याखाली दुसरं वाक्य. काही शिकलेली माणसं जातीला चिकटून राहतात. क्लिंग टू कास्ट. स्पेलिंग एकबी चुकलं न्हाई.

आता कोणी हसलं न्हाई.

प्राचार्यांनी बापाला बोलावलं. बाप गवंड्याच्या हाताखाली काम करतो. सिमेंटनं माखलेल्या कपड्यांनीच आला.

“पोरीला सरांची माफी मागायला लावा. तोंडी परीक्षेचे मार्क त्यांच्याच हातात आहेत.”

मला वाटलं, बाप आता हात जोडतो. जन्मभर जोडतच आलाय.

त्यानं मला विचारलं, “काय लिहिलं तू?”

सांगितलं.

“खोटं हाय का त्यात?”

“न्हाई.”

बाप प्राचार्यांकडं वळला. “मंग माफी काहून मागावी तिनं?”

बाहेर आल्यावर एक बिडी पेटवायला त्यानं तीन काड्या घालवल्या.

सर आता माझ्याकडं बघतच न्हाईत. सुनीता दुसरीकडं बसते. मी पहिल्या बाकावर आलेय, सरांच्या नाकासमोर. मार्क कापतील, म्हाईत हाय. कापले तर बोर्डापर्यंत जाईन. एकटी जाईन. पण मान खाली घालून मला पास व्हायचं न्हाई.