जनरलसाहेबांच्या अंगात माझा फ्रॉक

मैत्रिणींनो, आठवतं ना, कॉन्व्हेंट सुटलं की आपण बाजारातल्या फोटो स्टुडिओच्या काचेला नाक लावून उभ्या राहायचो?

त्याच स्टुडिओतला एक फोटो आज कपाटात सापडला. माझा भाऊ बाळू सैन्यातून जनरल होऊन निवृत्त झाला. त्याच्या पलटणीला भिंतीवर लावायला लहानपणचा फोटो हवा होता, म्हणून भाचा आला होता.

"आत्या, हा तुझा. बाबांचा नाही का एखादा?"

"अरे, हेच तुझे बाबा!"

बाळूचं जावळ नवसाचं, म्हणून दोन वेण्या. फोटो खरं तर आम्हा दोघांचा काढायचा होता. पण दिव्यांचा झगझगाट बघून भावी जनरलने चड्डी ओली केली. आईने माझा फ्रॉक उतरवून त्याला चढवला. मी पेटीकोटवर पडद्यामागे!

भाच्याने लगेच पुण्याला बाळूला फोन लावला.

"ताई, तो फोटो बाहेर काढू नको गो!"

"हुकूम पलटणीत सोड. फ्रॉक माझा आहे."

बाळू म्हणाला, "मग तू घरी कशी आलीस गो?"

"आईच्या पदरात गुंडाळून."

इतक्या वर्षांत हे त्याने पहिल्यांदाच विचारलं. "लाव मग भिंतीवर," म्हणाला.

तर मोठी प्रत पलटणीला, एक भाच्याला. मूळ फोटो आणि माझ्या पेटीतला तो फ्रॉक बाळूला. पण कुरियरने नाही. साहेबांनी रत्नागिरीला येऊन माझ्या हातून न्यावेत.