कुलरचं पाणी आणि वीतभर पिंपळ

समजा, तुमच्याकडे एक पिंपळ सांभाळायला दिला आहे. वीतभर उंचीचा, पसरट कुंडीत वाढवलेला. गाव राजुरा, महिना मे. कुंडीतली माती जेमतेम चार बोटं खोल. सकाळी घातलेलं पाणी दुपारच्या जेवणापर्यंत उडून जातं. जास्त घालाल तर मुळं कुजतील, कमी घालाल तर संध्याकाळी पानं मान टाकतील. काय कराल?

हरिदासभाऊंना उत्तर सोपं वाटलं होतं. ते कुलर दुरुस्त करतात. घरच्या कुलरच्या टाकीतलं जुनं पाणी ते रोज सकाळी काढायचे. ते फेकण्यापेक्षा झाडाला घातलेलं बरं, म्हणून यंदा उन्हाळाभर तेच घातलं.

झाड साधं नव्हतं. भाऊंचं जुनं गाव कोळशाच्या खाणीत गेलं आणि बुद्धविहारासमोरचा मोठा पिंपळही गेला. गाव उठताना लोकांनी दारं, चौकटी, छपराचे कवेलू गाड्यांवर लादले. भाऊंनी विहाराच्या भिंतीत उगवलेलं त्याच पिंपळाचं रोपटं मुळासकट खरवडून काढलं आणि ओल्या दुपट्ट्यात गुंडाळून आणलं. राजुऱ्याच्या घराला अंगण नाही. मग मुलगी नंदिनीने मोबाईलवर बोन्साय दाखवलं आणि भाऊ त्यात रमले. पावसाळ्यात मुळं छाटायची, फांद्यांना तार गुंडाळायची, ती सालीत रुतायच्या आत काढायची. थंडीत पाणी हात राखून. पानगळीत धीर धरायचा, चैत्रात तांबूस पालवी आली की ऊन बेताने द्यायचं. वैशाख पौर्णिमेला कुंडी इथल्या विहारात न्यायची. गावोगाव पांगलेली जुन्या गावची माणसं त्या दिवशी येतात आणि जाताना त्याच्या पानाला हळूच बोट लावतात.

यंदा पौर्णिमा जवळ आली आणि पानांच्या कडा करपू लागल्या. भाऊंनी पाणी वाढवलं. पानं आणखी करपली, मग एकेक करून सगळी गळली. भाऊंच्या पत्नी मीराबाई चहा देताना म्हणाल्या की दुसऱ्यांची घरं थंड करता करता घरचं झाड वाळलं. लोकांना काय दाखवायचं, हेच भाऊंच्या डोक्यात घोळत होतं.

त्याच दिवशी ते एका गिऱ्हाइकाचा कुलर उघडून बसले होते. बाजूच्या ताट्यांमधल्या गवतावर पांढरा खडखडीत थर जमला होता. बोअरचं पाणी उडून जातं, क्षार मागे ताट्यांत आणि टाकीत साचत राहतात. हे ते दर उन्हाळ्यात गिऱ्हाइकांना समजावतात. थर खरवडता खरवडता त्यांचा हात थांबला. कुंडीच्या काठावर हीच पांढरी रेघ होती.

घरी येऊन त्यांनी खोडाला नख लावून पाहिलं. सालीखाली हिरवं होतं. मग वाटेत विकत घेतलेला, क्षार काढलेल्या पाण्याचा कॅन उचलला आणि कुंडीवर धार धरली. खालच्या भोकांतून पाणी वाहून जाऊ दिलं, पुन्हा धरली. अर्धा कॅन रिकामा झाला तेव्हा मीराबाई दारात उभ्या होत्या.

"मले माठातलं बोअरचं पानी, अन् तुमच्या झाडाले कॅनचं?"

"त्याले आजार माह्याच हातानं झाला ना," भाऊ म्हणाले.

मीराबाईंनी उरलेला कॅन तिरपा धरायला हात लावला.

पुढचे दिवस कुंडी सावलीत राहिली आणि भाऊ जाता-येता तिच्यावर वाकत राहिले. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मीराबाईंनीच हाक मारली. शेंड्याला भाल्याच्या टोकासारखा लालसर कोंब आला होता. भाऊ तिथेच पायरीवर बसले. कितीतरी दिवसांनी त्यांना भूक लागल्यासारखं वाटलं. विहारात लोकांनी झाड बोडकं कसं म्हणून विचारलं, पण प्रत्येकाने कोंब पाहिला आणि बोट लावायचं मात्र टाळलं.

परवा भाऊ घरच्या कुलरची गळती बघायला खिडकीबाहेर गेले. कुलरचं पाणी ठिबकून खाली वाहून जातं तिथे, भिंतीच्या फटीत, पिंपळाचं एक रोप उगवलं होतं. पानं टवटवीत, लकाकती. दरवर्षी असं रोप ते उपटून टाकतात. या वेळी तसेच उभे राहिले आणि मीराबाईंना बोलावून म्हणाले, "पानी तेच, झाडही तेच. मंग याले काऊन काही झालं नाई?"