भगवंतरावाचं मशीन

वलगावचा भगवंतराव मेला असता तर गावाचं फारसं बिघडलं नसतं. पण तो वाचला, आणि वर कसा वाचला हे ज्याला त्याला सांगत सुटला. म्हणून हे लिहावं लागतंय.

काळी जमीन, दोन बैलजोड्या आणि तोंडात सदा फुशारकी, एवढीच त्याची कमाई. त्यातली जमीन बापाची. साठ सालच्या शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, त्यानं छकडा स्वतःच हाकायचं ठरवलं. नेहमी हाकणारा मोतीराम बाजूला राहिला, कारण बक्षिसाचा फेटा दुसऱ्याच्या डोक्यावर याला बघवत नसे. अर्ध्या वाटेत छकडा उलटला आणि त्याचा दांडा थेट छातीवर बसला.

अमरावतीच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, बरगड्या मोडल्यात, काळजाला जबर मार आहे, श्वास पुरत नाही. श्वास देणारं यंत्र मुंबईत असेल, इथं नाही. त्यांनी घशात नळी घातली, तिला रबरी फुगा जोडला आणि तो दाबत राहायला सांगितलं. थांबलं की संपलं.

भाऊबंद चहाला म्हणून गेले ते गेलेच. बायको गोदाबाई दाबत राहिली. बोटं वळेनाशी झाली तेव्हा तिनं रडत वॉर्डातल्या आयाला हाक मारली. ती भागीरथा, वलगावचीच, बुधाजीची बायको. छप्पन साली बौद्ध झालेलं घर. तिनं काही न विचारता फुगा हातात घेतला. मग दोघी आळीपाळीनं दाबत राहिल्या, पार दुसऱ्या दिवशी छाती आपसूक हलेपर्यंत. मध्ये भगवंतरावानं डोळे उघडले तेव्हा फुगा भागीरथेच्या हातात होता. त्यानं तिला चांगलं पाहिलं. तोंडात नळी होती म्हणून बरं, नाहीतर तेव्हाही काही बोलला असता.

घरी येताच सुरू झाला. "मुंबईचं मशीन आणलं होतं मायासाठी! त्यानंच वाचोलं मले!"

"कसं असते जी ते?" लोक विचारत.

हा हात पसरून दाखवी, एवढं मोठं, खाली चाकं. चाकंसुद्धा लावली निर्लज्जानं! हातानं वाचवलं म्हटलं की कोणाच्या, हे सांगावं लागलं असतं ना. गरज सरो, वैद्य मरो.

उन्हाळ्यात बौद्धपुऱ्यातली विहीर आटली. भागीरथा घागर घेऊन भगवंतरावाच्या विहिरीवर आली. गोदाबाई पाणी शेंदत होती, आम्ही चार जण निंबाखाली बसलो होतो.

"भगवंतराव, ओळखलं काय मले?"

"ओळखलं. म्हणूनच सांगून राहिलो, विहिरीले हात लावू नको."

आम्हा चौघांनाही मान वर करवेना. गोदाबाईनं मात्र आपली भरलेली घागर भागीरथेच्या घागरीत रिकामी केली आणि घराकडे चालू लागली.

दुपारी भगवंतराव जेवायला बसला. पहिल्याच घासाला ठसका लागला, श्वास कोंडला, डोळे पांढरे झाले. भिंतीपलीकडे आम्हाला ऐकू आलं, "पाणी! पाणी दे वं!"

गोदाबाई चुलीपुढून उठली नाही.

"मशीनले मांगा," ती म्हणाली.